ओवीतले साम्य कोणी ठरवायचे?

लोकसाहित्यावर प्रबंध लिहू पाहणारे विद्यार्थी आमच्याकडे येतात, तेव्हा आराखडा बहुधा ठरलेला असतो : चार गावे निवडायची, जात्यावरच्या ओव्या जमवायच्या आणि त्यांतील साम्यभेद मांडायचे. अनेक ‘केस’ घेऊन केलेल्या अशा अभ्यासाला रॉबर्ट यिन यांच्या १९८४ च्या ग्रंथाने शिस्त दिली. त्यांच्या मते एकेक व्यष्टी म्हणजे जणू स्वतंत्र प्रयोग. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी पारखून घ्यायचा. याउलट, ओर्लांदो फाल्स बोर्दा आणि त्यांचे सहकारी १९७७ साली कोलंबियातील कार्ताहेना येथील परिसंवादात ज्या सहभागी संशोधनाचा पुरस्कार करीत होते, त्याचा आग्रह असा की ज्यांचा अभ्यास करायचा त्यांचा वाटा प्रश्न ठरवण्यातही असावा.

पेच इथेच आहे. तुलनेला प्रश्न सर्वत्र एकच लागतो. सहभागात तो गावागणिक बदलू शकतो.

आपल्याकडे या पेचाला प्रत्यक्ष भिडलेले काम म्हणजे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांचा ओवीसंग्रह. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून तो उभा राहिला. गावातल्या बायाच त्यात सामील झाल्या. पुढे हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमल्या, त्यांचे विषयवार वर्गीकरण झाले आणि २०१७ पासून ‘पारी’वर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. ‘लोक’ म्हणजे अनाम, या आपल्या जुन्या समजुतीला एवढे एक नाव पुरेसे आव्हान देते.

वर्गात आम्ही विचारतो : सीतेच्या वनवासाची ओवी कोणत्या खणात ठेवाल? मुले म्हणतात, रामकथेच्या. पण गाणारी ती सासुरवासाची म्हणून गात असेल, तर? मग तिची जोडी दुसऱ्या गावच्या रामाच्या ओवीशी नव्हे, सासूच्या ओवीशी लागेल. येथे केवळ खण बदलत नाही, निष्कर्षच बदलतो. आणि गाणारीला विचारलेच नाही, तर ती सामग्री पुरवणारी उरते. अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो.

अर्थात, सहभाग म्हणजे सर्वस्व नव्हे. मुळशीची सीता आणि माजलगावच्या भीमनगरातील ओव्यांमधले बाबासाहेब शेजारी ठेवल्यावर एकच छंद किती निराळे दुःख आणि निराळा अभिमान पेलतो हे उमगते. ते एकाच जात्यापाशी बसून दिसत नाही. त्यासाठी अंतर लागते, तुलना लागते.

म्हणून आमचे सांगणे क्रमाविषयी आहे. कशाची कशाशी तुलना करायची हे आधी गाणारींसोबत ठरवावे. मग गावे शेजारी ठेवावीत. आणि निघालेला निष्कर्ष पुन्हा त्यांच्यापुढे वाचावा. तिथे एखादी म्हणाली, ‘असं न्हाई ते’, तर तो आक्षेप तळटीपेत न ढकलता प्रबंधाच्या मजकुरात घ्यावा. तोही समीक्षाच आहे.