मेन्यू कार्डावरचा ‘जैन’

सहकुटुंब हॉटेलात जेवायला जाणे ही आपल्या घरांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. लग्नाचा वाढदिवस, मुलांचे निकाल, परगावाहून आलेले व्याही, किंवा नुसताच दुकानाच्या सुट्टीचा दिवस. निमित्त कोणतेही चालते. पुण्यात अशा कुटुंबांसाठीच जणू काढलेली मध्यम प्रतीची शाकाहारी हॉटेले जागोजागी आहेत. आठ माणसांचे जेवण तीन-साडेतीन हजारांत व्हावे, बसायला ऐसपैस असावे, पनीरच्या दोन भाज्या, दाल, तंदुरी रोटी, जिरा राईस आणि शेवटी गरम गुलाबजाम मिळावेत, एवढीच आपली अपेक्षा. आणि मेन्यू कार्डाच्या तळाशी एक ओळ असावी : ‘जैन पदार्थ मिळतील.’ ती ओळ दिसली की आपण निर्धास्त होतो. मला मात्र अलीकडे त्या ओळीपाशी थोडे थांबावेसे वाटते.

कारण त्या ओळीतला ‘जैन’ हा शब्द धर्माचा राहिलेला नाही. तो भटारखान्याचा झाला आहे. वेटर ऑर्डर लिहून घेताना पदार्थापुढे ‘जैन’ लिहितो, त्याभोवती गोल काढतो, आणि आचारी तो गोल पाहून तीन वस्तू वजा करतो : कांदा, लसूण, बटाटा. पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते, मसाला डोशातही तेच. वजाबाकी झाली की हिशेब संपला.

पण ही वजाबाकीदेखील वाटते तितकी सोपी नसते. हॉटेलातली पंजाबी भाजी आपण सांगितल्यावर शिजायला लागत नाही. गिऱ्हाईक येण्याच्या आधीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात. कांदा-टोमॅटोची तपकिरी, टोमॅटो-काजूची लाल, आणि काजू व मगज म्हणजे खरबुजाच्या बिया यांची पांढरी. त्या पांढरीतही पुष्कळदा उकडलेला कांदा वाटून घातलेला असतो. ऑर्डर आली की कढईत डावभर ग्रेव्ही, त्यात पनीर किंवा कोफ्ता, वर थोडा मसाला, आणि दहा मिनिटांत तोच रस्सा निरनिराळी नावे घेऊन निरनिराळ्या टेबलांवर जातो. यात फसवणूक काही नाही. रविवारी दुपारी दीड वाजता सगळी टेबले एकदम भरली तर दुसरा मार्गच नसतो. मात्र ‘कांदा घालू नका’ असे सांगणे तिथे निरर्थक ठरते, कारण तो आधीच शिजून रश्शात विरघळलेला असतो. जैन भाजी हवी तर पातेलेच वेगळे हवे, आणि ते पातेले आहे की नाही, हे मेन्यू कार्ड सांगत नाही.

आता आपल्या घरातला ‘जैन’ पाहा. कंदमुळे वर्ज्य, कारण ती अनंतकाय; एका शरीरात अनंत जीव. मग गाजर, मुळा, बीट, रताळे, ओले आले, ओली हळद हीही त्यात आलीच. सुंठ आणि हळदीची पूड चालते, कारण वाळलेल्या कंदाला पुन्हा अंकुर फुटत नाही. हॉटेलच्या तीन वस्तूंच्या यादीत आले बसत नाही, म्हणून ‘जैन’ म्हणून आलेल्या भाजीवर आल्याच्या बारीक काड्या मोठ्या ऐटीत पसरलेल्या मी पाहिल्या आहेत. शेजारी सॅलडच्या ताटलीत गाजर आणि बीट. न तापवलेल्या दह्यात डाळीचा पदार्थ पडला की द्विदल होते. मेन्यू कार्डावर मात्र दहीवडा ‘जैन’ सदरात बिनदिक्कत बसलेला असतो. रात्र उलटलेले शिजलेले अन्न आपण वासी म्हणून टाळतो. शीतकपाटाला ही गोष्ट कोण समजावणार? पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्या उपयोगाचा खरा, पण तो मांस, मासे, अंडी नाहीत एवढेच सांगतो. जमिनीखाली काय उगवले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

हॉटेलवाल्याला दोष देण्यात मला स्वारस्य नाही. तोही व्यापारीच. गिऱ्हाईक जेवढे मागते तेवढा माल तो ठेवतो. ही तीन शब्दांची व्याख्या त्याने शास्त्रातून काढलेली नाही. ती आपणच त्याला दिली. टेबलावर बसता बसता आपण म्हणतो, ‘कांदा-लसूण-बटाटा नको’, आणि गप्पांना लागतो. वर्षानुवर्षे त्याने एवढेच ऐकले.

आमच्या टेबलावर तीन पिढ्या बसतात आणि प्रत्येकीची रेघ निराळ्या ठिकाणी ओढलेली आहे. सासूबाईंचा चौविहार कित्येक वर्षांचा. उकळलेले पाणी त्या घरून बाटलीत घेऊन येतात. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ या पाटीखालीच एकदा त्यांची खुर्ची आली होती, पण त्या बाटलीला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. मी आणि माझे यजमान कंदमुळे खात नाही, रात्रीचे मात्र आमच्याकडून नेहमी सांभाळले जात नाही. मुलगा बंगळुरूला नोकरीला असतो. तिथे तो काय खातो हे घरात कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. पण आजीच्या शेजारी बसला की वेटर आल्या आल्या तोच आधी म्हणतो, ‘सगळे जैन.’ मला हे आवडते. याला कोणी दिखावा म्हणेल. मी त्याला आजीचा मान म्हणते.

मध्यंतरी दोन वर्षे सासूबाई आमच्याबरोबर हॉटेलात आल्याच नाहीत. त्याचे कारण असे की एका हॉटेलात विचारलेल्या प्रत्येक पदार्थाला ‘हो, जैन आहे’ असे उत्तर मिळाले आणि त्यांच्या वाटीत, पनीरच्या तुकड्याखाली, कांद्याची एक पारदर्शक पाकळी निघाली. त्या काही बोलल्या नाहीत. वाटी बाजूला सारली, पापड आणि साधा भात खाल्ला, मुलांना गुलाबजाम घ्यायला लावले. त्यानंतर मात्र निघायची वेळ झाली की म्हणत, ‘तुम्ही जाऊन या, मी खाकरा खाईन.’ त्यांच्या आवाजात राग नसे, म्हणूनच ते अधिक जड जाई. आठ खुर्च्यांच्या टेबलाशी सातजण बसत असू. मुलेही हळूहळू ‘आजी नाही तर पिझ्झाच मागवू’ म्हणू लागली होती. कुटुंब एका टेबलावर बसणे आणि व्रत शाबूत राहणे, या दोहोंपैकी एकच निवडावे लागते की काय, असे तेव्हा खरोखर वाटू लागले होते.

कोंडी फुटली ती एका नकारामुळे. नणंदेच्या आग्रहाखातर सासूबाई एका नव्या हॉटेलात आल्या. कॅप्टन पन्नाशीचा, कर्नाटकातला, पण मराठी चांगले बोलणारा. सासूबाईंनी विचारले, ‘भाऊ, पनीर बटर मसाला जैन होईल का?’ तो जरा थांबून म्हणाला, ‘आजी, खरे सांगतो. लाल ग्रेव्हीत कांदा आहे, सकाळीच शिजलाय. तो आता काढता येत नाही. पांढरी ग्रेव्ही काजू-मगजाची वेगळी करून देतो, वीस मिनिटे लागतील. दालला हिंग-जिऱ्याची फोडणी लगेच देतो. व्हेज कोल्हापुरी घेऊ नका.’ सासूबाईंनी मेन्यू कार्ड मिटले आणि म्हणाल्या, ‘वीस मिनिटे थांबते.’ परतताना गाडीत त्यांनी आपल्या सासऱ्यांचे बोल सांगितले : जो दुकानदार ‘हा माल माझ्याकडे नाही’ म्हणतो, त्याचा बाकीचा माल डोळे मिटून घ्यावा.

तेव्हापासून आम्ही तिथेच जातो, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला जातो. त्याला दोन कारणे आहेत. त्या वेळी तवा आणि कढया धुतलेल्या असतात, पहिली ऑर्डर आपली असली तर दुसऱ्या कोणाचा डाव आपल्या भांड्यात फिरण्याचा प्रश्न येत नाही. दुसरे कारण सूर्याचे आहे. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जून-जुलैत फार तर सव्वासात. या जातीची पुष्कळ हॉटेले दुपारी साडेतीनला भटारखाना बंद करतात आणि सातला उघडतात. म्हणजे वर्षाचे बहुतेक महिने चौविहार करणाऱ्या माणसासाठी हॉटेलातले संध्याकाळचे जेवण अस्तित्वातच नसते. पाच वाजता चूल चालू असते ती उडुपी हॉटेलांची. उडुपीच्या श्रीकृष्ण मठाच्या पाकपरंपरेत कांदा-लसूण वर्ज्य आहे आणि चातुर्मासाचे स्वतंत्र नियमही आहेत. त्या गावाचे नाव लावणाऱ्या हॉटेलांत आज सांबारात कांदा सर्रास असतो, हा काळाचा महिमा. तरी साधी इडली आणि खोबऱ्याची चटणी चौकशी करून तिथे मिळते, आणि परगावी गेल्यावर तेवढ्यावर आमच्या कित्येक संध्याकाळी निभावल्या आहेत.

जेवण संपल्यावरची एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाई ताटात कण ठेवत नाहीत. घरच्याप्रमाणेच हॉटेलातही त्या ताटलीत घोटभर पाणी ओततात, बोटाने ताटली स्वच्छ धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. उष्ट्यात अठ्ठेचाळीस मिनिटांत जीवोत्पत्ती होते, ती आपल्या हातून होऊ नये म्हणून. पहिल्यांदा हे पाहून शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघू लागली. माझ्या मुलीचा चेहरा लाल झाला. कॅप्टनने मात्र शांतपणे विचारले, ‘आजी, अजून पाणी देऊ?’ आमच्या मागच्या टेबलावर तेव्हा अर्धी बिर्याणी आणि चार अख्ख्या रोट्या उरल्या होत्या. त्यांचे काय होणार, हे कोणीच विचारले नाही. हल्ली आमची मुलगी ताटली धूत नाही, पण घेतलेले टाकतही नाही. आणि ऑर्डर देताना ‘आधी दोन भाज्या, मग बघू’ हे तिचेच वाक्य असते. दाल-रोटीचे प्रमाण काढण्यात ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

बिल यजमान तपासतात, व्यापाऱ्याची सवय. 2017 च्या नोव्हेंबरपासून अशा हॉटेलांना पाच टक्के जीएसटी आहे, तोही इनपुट क्रेडिटविना, आणि दुकानाच्या नावे बिल घेऊनही उपयोग नाही, हे त्यांनी मुलाला दोनदा समजावले आहे. माझे लक्ष निराळ्याच आकड्याकडे असते. वेगळे पातेले, वेगळा वेळ, कांद्याऐवजी काजू, आणि तरी जैन भाजीचा दर इतर भाजीइतकाच. हॉटेलवाला हा फरक कुठे भरून काढतो, ते तोच जाणे. आम्ही वरचे पैसे आचाऱ्यासाठी म्हणून वेगळे देतो, कारण टेबलावर येणाऱ्या वेटरला बक्षिसी मिळते आणि वेगळी कढई मांडणारा माणूस आपल्याला कधी दिसत नाही.

गेल्या महिन्यात मुलीनेच एक पेच टाकला. पाठशाळेत ती मध, लोणी, मद्य आणि मांस या चार महाविगई शिकून आली होती. मेन्यू कार्ड वाचता वाचता तिने मोठ्याने विचारले, ‘आजी, लोणी चालत नाही, तर मग बटर रोटी जैन कशी?’ टेबलावर क्षणभर शांतता पसरली. इतकी वर्षे आम्ही कांद्याच्या मागे होतो; नावातच ‘बटर’ असलेल्या वस्तूकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सासूबाई हसल्या. त्यांनी आपली रोटी कोरीच असते हे दाखवून दिले आणि कॅप्टनला हाक मारून म्हणाल्या, ‘भाऊ, या सगळ्यांच्या रोट्यांना तूप लाव.’ त्याने ऑर्डर खोडून पुन्हा लिहिली. तुपाचे रोटीमागे दहा रुपये जास्त पडतील, हे त्याने आधीच सांगितले.