खोकणारा हॉर्न आणि चोर्ल्याचे धुके

बेळगावहून गोव्यात उतरायच्या वाटा आपल्याला पाठ आहेत. खानापूर-लोंढ्यावरून अनमोड घाट, चंदगडकडून आंबोली, आणि पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला. यातली चोर्ल्याची वाट भाजीवाल्यांची लाडकी. रात्री बाजारात कोबी, फ्लॉवर, ओली मिरची, कोथिंबीर भरली की पहाटेच्या आत साखळी, डिचोली, म्हापसा गाठता येते. गोव्याच्या ताटातली बरीचशी भाजी याच रस्त्याने खाली जाते. रस्ता जवळचा खरा. पण श्रावणात कणकुंबीच्या पुढे धुके उतरले की पुढचे वळण डोळ्यांना दिसत नाही, ते कानांनी ओळखावे लागते.

गेल्या नागपंचमीच्या आदल्या रात्री मी पुतण्याच्या पिकअपमधून डिचोलीला निघालो होतो. तिथे माझी धाकटी बहीण असते. तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू नि तंबिटाचा डबा मांडीवर, मागे भाजीचे क्रेट, वर ताडपत्री. जांबोटीच्या पुढे रस्त्यात गुरे बसलेली. पुतण्याने हॉर्न दाबला, तर जनावरांनी कानसुद्धा हलवला नाही.

"काका, हॉर्न बारीक येतंय की," तो म्हणाला.

कणकुंबीला चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचे उगमस्थान. सुमारे ७९२ मीटर उंचीवर, माउलीच्या देवळाजवळ ही नदी जन्म घेते आणि पुढे सौंदत्तीच्या नविलुतीर्थाला जाऊन धरणात विसावते. योगायोग असा, की टपरीवर आमच्या आधी थांबलेला टेम्पोवाला सौंदत्तीकडचाच होता. कांदा घेऊन चाललेला. आमचा हॉर्न त्याने लांबूनच ऐकला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाला, "हार्न केम्माकत्तैत्री!" हॉर्न खोकतोय!

पुतण्यापुढे पेच होता. उजाडेपर्यंत थांबावे तर डिचोलीचा सकाळचा बाजार हुकतो, कोथिंबीर मान टाकते आणि दर पडतो. तसेच उतरावे तर दर वळणावर समोरच्याला आपण येतोय हे कळणार कसे? घाटात रात्री दुचाकीवरून ये-जा करणारी माणसेही असतात. धुक्यात त्यांच्यापर्यंत आपला दिवा उशिरा पोचतो, आवाज आधी पोचतो.

टेम्पोवाल्याने पुतण्याला बॉनेट उघडायला लावले. पुढचा अर्धा तास त्याने जे केले ते कुठल्याही पिकअपवाल्याच्या घरात माहीत असावे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फ्यूजला त्याने हातच लावला नाही. तो म्हणाला, फ्यूज उडाला तर हॉर्न मुका होतो, बारीक होत नाही. आवाज येतोय पण दबका, याचा अर्थ करंट पोचतोय पण पुरेसा नाही, किंवा हॉर्नच आजारी आहे.

मग त्याने इंजिन बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा हॉर्न वाजवून बघितला. बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन चालू झाल्यावर आवाज सुधारतो, कारण तेव्हा बाराऐवजी साधारण चौदा व्होल्ट मिळतात. आमच्या गाडीत फारसा फरक पडला नाही. हॉर्न दाबताना दिवेही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी निर्दोष.

तिसरी पायरी जाळीमागची. पुष्कळ गाड्यांना दोन हॉर्न असतात, एक जाड आवाजाचा, एक बारीक. दोन्ही मिळून भरदार आवाज होतो. एक बंद पडला की गाडी चिरकते आणि मालकाला वाटते सगळाच हॉर्न गेला. पुतण्याला बटण दाबायला सांगून त्याने दोन्हींवर आळीपाळीने बोट ठेवले. बारीक हॉर्न थरथरत होता, पण जोर नव्हता. जाड हॉर्न नुसता घरघरत होता.

पुतण्याने आपल्याकडचा टेस्ट लॅम्प पुढे केला. हॉर्नच्या वायरीला लावला तर बल्ब लख्ख पेटला. "म्हणजे वायर बरी आहे," तो म्हणाला. टेम्पोवाल्याने मान हलवली. एवढासा बल्ब अर्ध्या अँपिअरच्या आतच पेटतो, हॉर्नला एकेकाला चार-पाच अँपिअर लागतात. गंजलेल्या जोडातून बल्बापुरता करंट जातो, हॉर्नापुरता जात नाही. बल्बावर विसंबून माणसे चांगला हॉर्न फेकून नवा बसवतात, आणि नवाही तसाच खोकतो!

त्याने वायरीचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे हॉर्नच्या पट्टीला टेकवले. बटण दाबताच बारीक हॉर्न असा ओरडला की टपरीतले कुत्रे उठून पळाले. चोर सापडला! आमच्या हॉर्नला वायर एकच, त्याचे अर्थिंग पट्टीच्या बोल्टातून गाडीच्या अंगाला मिळते. दोन्ही हॉर्न एकाच पट्टीवर, आणि तो बोल्ट पावसाने गंजून गेलेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पट्टी नि पत्रा चकचकीत घासला, आवळून वर ग्रीसचे बोट फिरवले.

जाड हॉर्न मात्र अजून घरघरत होता. तो सोडवून उलटा धरला, तर आतून गढूळ पाण्याचे थेंब पडले. "ओळग नीर ऐत्री," तो हसला. हॉर्नचे तोंड वरच्या बाजूला वळले होते, चाकाचा चिखल नि पाऊस सरळ आत. त्याने तो चहाच्या चुलीजवळ थोडा वेळ शेकला, मागचा स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरवला आणि तोंड खाली करून बसवला. हा स्क्रू एकदम फिरवू नये, पाव फेरा फिरवून ऐकावे, मग पुन्हा पाव. एवढे करूनही आवाज दबका राहिला असता तर तो रिले बघणार होता. रिले टक्‌ असा वाजतो, पण आतले पॉइंट जळून काळे पडले की करंट अडतो. त्याच जातीचा दुसरा रिले घालून पाहिला की कळते.

एक सावधगिरी त्याने बजावली. मायनसची वायर पट्टीला टेकवण्यात धोका नाही. पण बॅटरीच्या प्लसवरून थेट हॉर्नला वायर न्यायची तर मध्ये फ्यूज हवाच, नाहीतर वायर पेटते.

पुतण्या म्हणाला, त्यापेक्षा मोठा म्युझिकल हॉर्नच बसवतो. ते बरे नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम अनेक सुरांच्या कर्कश हॉर्नला मनाई करतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी हजार रुपये दंड आहे. शिवाय या रस्त्याच्या आसपास इकडे भीमगडचे अभयारण्य (२०११), तिकडे म्हादईचे (१९९९). हॉर्न गाडीबरोबर आलेला तोच असावा, पण पूर्ण आवाजाचा असावा.

पैसे द्यायला गेलो तर त्याने हात जोडले. मी डब्यातले चार लाडू त्याच्या हातावर ठेवले, ते मात्र त्याने घेतले.

चोर्ल्याच्या उतारावर धुके इतके होते की पुढचा पांढरा पट्टासुद्धा तुटक दिसत होता. एका वळणाआधी पुतण्याने हॉर्न दिला. खालून लगेच दुसरा हॉर्न आला. पुतण्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली, कारण अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. धुक्यातून एक दुचाकी वर आली. पुढे नवरा, मागे बायको, दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले मूल. माहेरी निघाली असावीत. बाईने हात केला आणि ती धुक्यात गेली.

डिचोलीला पोचायला उशीर झाला आणि कोथिंबिरीला थोडा दर कमी मिळाला. पुतण्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता त्याच्या गाडीत पॉलिश पेपर, वायरीचा तुकडा आणि एक जादा रिले असतो. मिरगाआधी तो हॉर्नचा बोल्ट घासतो, आणि घाट लागायच्या आधी कणकुंबीला एकदा हॉर्न दाबून बघतो.