डोंगरापलीकडचे दार

मुंबईच्या भांडुप उपनगरात डोंगराच्या उतारावर दाटीने वसलेल्या वस्तीत सकाळी दार उघडले, की प्रथम दृष्टीस पडतो तो हिरवा डोंगर. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून पाण्याच्या धारा उतरतात. थंडीत उन्हे वर येईपर्यंत धुके त्याला सोडीत नाही. हा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडील कड होय. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध उभे आहे. त्यात बिबटे आहेत, हरणे आहेत, दोन तलाव आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोरावयास आरंभ झालेली लेणी आहेत.

परंतु या वस्तीतील मुलांना विचारावे, "बाळांनो, तुम्ही उद्यान पाहिले आहे काय?" तर बहुतेक माना नकारार्थी हलतात. याचे कारण साधे आहे. उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार डोंगराच्या पश्चिम अंगास, बोरिवलीला आहे. मधले रान ओलांडून जाण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आगगाडीने जावयाचे तर भांडुपहून दादर गाठावे, तेथे गाडी बदलावी आणि बोरिवलीस उतरावे, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरचा वळसा. डोंगर हाताच्या अंतरावर, आणि त्याचे दार मात्र अर्ध्या शहरापलीकडे!

तेथील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाबरोबर सोबती म्हणून जाण्याचा योग मला माघ महिन्यात आला. मुले शेहेचाळीस, मोठी माणसे चार. या सहलीला थोडा पूर्वेतिहास होता. आदल्या वर्षी ठरविलेली खासगी बस ऐन वेळी आलीच नाही. नवे कपडे घालून, डबे घेऊन पहाटेपासून फाटकाशी उभी असलेली मुले दहा वाजता मुकाट्याने घरी परतली. त्या दिवसाची गोष्ट सांगताना वर्गशिक्षिका बाईंचा आवाज अजूनही जड होत होता. म्हणून या खेपेस त्यांनी बस महिनाभर आधी ठरविली आणि आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन पुन्हा खात्री करून घेतली.

वर्गणीचा प्रश्न निराळा होता. सहा मुलांनी आपली नावे दिली नव्हती. "आम्हांला गाडी लागते," असे कारण त्यांनी सांगितले. पण बाई ते समजल्या. बसचे भाडे मुले किती यावर ठरत नाही. चाळीस गेली काय, शेहेचाळीस गेली काय, तेवढेच. हा हिशेब त्यांनी इतर पालकांपुढे मांडला आणि सहाही नावे यादीत आली. राहिली एक मुलगी. तिची आई कामावर जाई, आणि चार वर्षांच्या धाकट्या भावाला सांभाळण्याचे काम हिच्याकडे असे. "ती गेली तर ह्याला कोण बघेल, बाई?" आईने विचारले. बाई म्हणाल्या, "मग त्यालाही पाठवा. माझ्या मांडीवर बसेल." अशा रीतीने आमची संख्या शेहेचाळिसाची सत्तेचाळीस झाली.

बस वेळेवर आली. ती दृष्टीस पडताच उठलेला आनंदाचा कल्लोळ अद्याप माझ्या कानांत आहे. पवईचा तलाव उजवीकडे ठेवून आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पश्चिमेस निघालो आणि द्रुतगती महामार्गाने उत्तरेस वळलो. भेंड्या रंगात आल्या होत्या. कांदिवली मागे पडली, आणि उंच इमारतींच्या मधून डोंगर पुन्हा दिसू लागला. मुले क्षणभर गप्प झाली. नेहमी मावळतीला दिसणारा डोंगर आज उगवतीला उभा होता!

मुख्य दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहाएक किलोमीटरची वाट झाडीतून जाते. उद्यानाच्या बसमधून आम्ही ती पार केली. साग, ऐन, पळस मागे जात होते; काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले लागली होती. बरोबरच्या मार्गदर्शकाने उतारावरची कारवीची झुडपे दाखविली. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. 2016 मध्ये फुलली, त्यानंतर 2024 मध्ये. एका मुलाने तत्काळ बोटांवर हिशेब केला, "म्हणजे आता 2032!" साऱ्या वर्गाने मग आपापली त्या वर्षीची वये मोजून काढली. एका फुलाने इतक्या मुलांना एवढ्या पुढचा विचार करावयास लावलेला मी प्रथमच पाहिला.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा पर्वत. बेसाल्टच्या काळ्या खडकात येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास आरंभ झालेले हे काम कित्येक शतके चालले. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहनकाळचे. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंस सुमारे 7 मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्यांच्या पायाशी आमचा धाकटा सोबती मान उंचावून कितीतरी वेळ उभा होता.

परंतु मुलांचे मन रमले ते पाण्याच्या टाक्यांपाशी. भिक्षूंनी डोंगरउतारावर लहान लहान पन्हळी कोरून पावसाचे पाणी ओंजळीत घ्यावे तसे टाक्यांत घेतले आहे. ज्या मुलांच्या घरी सकाळी नळाला पाणी येण्याची वाट पाहावी लागते, त्यांना या योजनेचे मोल समजावून सांगावे लागले नाही. "आमच्या छपराला असे केले तर?" असा प्रश्न एकीने विचारला. याच अरण्यातील विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी तलाव 1879 मध्ये बांधून झाला. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोनच तेवढे शहराच्या हद्दीत आहेत, आणि या रानानेच त्यांचे पाणलोट राखले आहे, हे त्यांना तेथेच सांगता आले.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. येथील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत सोपारा, कल्याण अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यांची आणि गृहस्थांची नावे आढळतात. त्या काळी रानावनातून माणूस एकटा प्रवास करीत नसे. तांड्याने, सोबतीने करी. एकट्याला जे दूर असते ते सोबतीने जवळ येते, हा अनुभव जुनाच आहे.

माकडांनी दोन डबे पळविले, एवढी एकच आपत्ती आली. दुपारी सर्वांत वरच्या खडकावर आम्ही विसावलो. पूर्वेच्या डोंगररांगेकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "त्याच्या पलीकडे आपले घर." धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असलेली ती मुलगी बराच वेळ पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "बाई, म्हणजे आपण आपल्याच डोंगराच्या मागे आलो!"

"आपल्याच" हा शब्द माझ्या मनात घर करून राहिला. सकाळपर्यंत तो डोंगर तिच्या लेखी बिबट्याचा होता, कुंपणाचा होता, सांजावल्यावर एकटे बाहेर पडू नये या ताकिदीचा होता. ती ताकीद आजही खरीच आहे. पण ज्याचे आपण राखणदार व्हावयाचे, ते आधी आपले वाटले पाहिजे. सार्वजनिक उद्यान कायद्याने सर्वांचे होते. मुलांचे व्हावयास मात्र त्यांना तेथे पोहोचविणारे कोणी लागते. घरची मोटार असणाऱ्यांची सोय झालेलीच असते. उरलेल्यांचे दार बोरिवलीला नव्हे, तर शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बसमध्ये असते.

आपण कोणत्याही प्रांतात राहत असा, चेन्नईत गिंडीचे राष्ट्रीय उद्यान जवळ असो, बंगळूरचे लालबाग असो किंवा हावडा येथील शिबपूरचे वनस्पती-उद्यान असो, ही अडचण थोड्याफार फरकाने तीच असते. सोयीही अगदीच नाहीत असे नव्हे. महाराष्ट्रात एस. टी. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा अभ्यास-सहलीसाठी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात 75 टक्के सूट मिळते. पुरातत्त्व खात्याच्या स्थळी 15 वर्षांखालील मुलांस प्रवेशमूल्य पडत नाही. या सोयी कागदावरून बसपर्यंत आणावयास मात्र कोणीतरी अर्ज करावा लागतो, आदल्या संध्याकाळी खात्री करावी लागते, आणि न आलेली सहा नावे कोणाची हे शोधावे लागते. हे काम शिक्षकांनी एकट्यानेच करावे असे थोडेच आहे? पालकांतील कोणी त्यांच्या मदतीस गेले, तर त्यांचा भार निम्मा होईल.

परतीच्या वाटेवर बस शांत होती. बाईंनी तिसऱ्यांदा डोकी मोजली, सत्तेचाळीस भरली. धाकटा सोबती कबूल केल्याप्रमाणे त्यांच्या मांडीवर झोपी गेला होता. पवई ओलांडली तेव्हा दिवस मावळत होता. बसच्या खिडकीतून डोंगराची काळी कड दिसू लागली, तशी मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारले, "बाई, 2032 साली जायचे ना?"

"जाऊ की," बाई म्हणाल्या, "पण तेव्हा बस तुम्ही ठरवायची."