शब्दांकडून रंगांकडे

दोस्तांनो, "हल्ली गोष्टी का लिहीत नाही?" असं तुमच्यातल्या काहींनी विचारलंय. खरं सांगू? मी आता चित्रं काढतो. तीही अमूर्त! म्हणजे त्यात झाड नाही, होडी नाही. नुसते रंग आणि आकार.

आमच्या आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलात ना, की वरून समुद्र दिसतो, लांबवर सुवर्णदुर्गही. हे सगळं मी कितीदा तरी लिहिलं. पण ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उरतो तो राखाडी रंग? तो दरवेळी शब्दांतून निसटायचा. शेवटी कागदावर फासूनच पाहिला!

रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितातली खोडाखोड एकमेकींना जोडत जायचे आणि त्यातून चित्रविचित्र आकार उमटायचे. साठी उलटल्यावर ते चित्रांत असे रमले, की १९३० साली थेट पॅरिसला प्रदर्शन भरलं. आणि नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे! रोलरनं, सुरीनं रंगाचे थर द्यायचे, खरवडायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची. एवढा धीर माझ्यात कुठला?

गोष्टींचं मानधन मात्र थांबलं. "घर कशावर चालणार रे?" आई विचारते. तिचं चुकत नाही. म्हणून सकाळी शिकवण्या घेतो, दुपारी रंग.

परवा शेजारची चिमी नव्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काका, आंबापोळी वाळत घातलीय ना?"

पिवळा जरा कमी करावा म्हणतोय.