तुपात उतरणारा रंग

परवा जांभळं गाजर किसून हात धुतले, तर मोरीतून जांभळं पाणी वाहत गेलं. तळहाताच्या रेघांत मात्र रंग राहिला, जांभळं खाल्ल्यावर जिभेवर राहतो तसा. रंगाचं घराणंही तेच, अँथोसायनिनचं. ते पाण्यात सहज उतरतं. कोशिंबिरीवर लिंबू पिळलं आणि किस बघता बघता लालसर झाला. जांभळं गाजर कच्चंच खावं. शिजवलं की त्याचं तेज जातं.

दसऱ्याला गच्चीतल्या अर्ध्या कापलेल्या पिंपात दोन पाकिटं पेरली होती, एक मिश्र रंगांचं, एक देशी लाल. गाजराची पुंगीच ती. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये पाचशेच्या वर भरतं. कोरड्या वाळूत मिसळून ओळीने सोडलं, वर चिमटीने माती, त्यावर ओलं गोणपाट. बारा दिवस काहीच नाही. तेराव्या दिवशी गवतासारखी दोन-दोन पानं. गाजराला जागा बदललेली सोसत नाही. मूळ दुखावलं की फाटे फुटतात. म्हणून विरळणीला मन घट्ट करावं लागतं. उपटलेल्या इवल्याशा रोपालाही अख्ख्या गाजराचा वास असतो.

त्या वासासरशी मी आजीच्या माजघरात. संक्रांतीची सकाळ. काळ्या सुगडांना हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, परातीत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची पेरं, गव्हाच्या ओंब्या. गाजर चिरायचं काम माझं. “पाचही सुगडांत गेलं पाहिजे गं, एकही रिकामं ठेवू नकोस,” आजी बजावायची. गाजर लालच असायचं. लांब, निमुळतं, अंगावर धाग्यांसारखी मुळं. कितीही धुतलं तरी देठाच्या खोबणीत माती राहायचीच. उरलेली गाजरं दुपारी किसणीवर जायची. मग शेगडीवर पातेलं, आटत चाललेलं दूध, उलथन्याचा संथ आवाज, आणि शेवटी हलव्याच्या कडेने सुटणारं केशरी तूप. ते तूप आजी मला गरम पोळीवर घालून द्यायची. तिने त्यात चोरून केशर घातलंय, अशी माझी खात्री होती. गाजराचं कॅरोटीन पाण्यात उतरत नाही, तुपात उतरतं, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचलं. आजी मात्र तुपावर परतल्याशिवाय गाजराला दूध दाखवत नसे.

आपण ज्याला नवलाचं म्हणतो ते जांभळं गाजरच खरं थोरलं. सुमारे हजार वर्षांपूर्वी इराण-अफगाणिस्तानच्या बाजूला लावत ते जांभळं आणि पिवळं. केशरी रुळलं ते नंतर युरोपात, १६व्या-१७व्या शतकांत. दिल्लीच्या पुसा संस्थेने आपल्याकडच्या काळ्या वाणाला ‘असिता’ म्हटलं, लालला ‘रुधिरा’. किती नेमकी नावं! बाळाचं नाव ठेवावं इतक्या मायेने ठेवलेली.

देशी लालमधलं एक गाजर मी उपटलेलं नाही. विलायती केशरी जातींना फुलायला डोंगरातली थंडी लागते, देशी लाल आपल्या सपाटीवरच फुलतं. आता त्याचा दांडा माझ्या कमरेला लागलाय आणि माथ्यावर कोथिंबिरीसारखी पांढरी छत्री धरलीय. सकाळपासून मुंग्यांची रांग चढते आहे. पाकिटातलं बी चोळून गुळगुळीत केलेलं असतं. घरचं बी केसाळ असतं, बोटांना चिकटतं.