तलावपाळीवर बसायला तिकीट लागत नाही



मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलीचा विषय निघाला. कुणीतरी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचे फोटो टाकले. मागे डोंगर, पुढे तलाव, काठावर खुर्च्या. खर्च माणशी दोन हजार. दहा मिनिटांत सात-आठ अंगठे वर आले. त्याच रात्री आमचा एक कार्यकर्ता काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. तो कल्याणला राहतो, दिवसभर बाइकवरून पार्सल पोचवतो आणि रविवारी अभ्यासवर्गाला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरतो. तो का गेला हे आम्हाला दोन दिवस कळले नाही. कळले तेव्हा लाज वाटली. समतेवर तासभर बोलणाऱ्या आमच्याच ग्रुपने दोन हजार रुपयांची भिंत बांधली होती, आणि अंगठे देताना आमच्यापैकी एकालाही ती दिसली नव्हती.

आम्ही लोणावळा रद्द केला आणि ठरवले की लोकलचे आणि बसचे तिकीट सोडून एक रुपयाही खर्च न करता दिवसभर फिरायचे. कुठे? तर ठाण्यात. ज्या शहरात आपण नोकरीला, कोर्टात, हॉस्पिटलमध्ये धावतपळत जातो, त्याला लोक तलावांचे शहर म्हणतात. ते शहर आपण कधी बसून पाहिले आहे का?

रविवारी सकाळी कल्याणहून आम्ही आठ जण निघालो. तो कार्यकर्ता होताच. त्याची आईही आली, तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. परतीचे तिकीट धरून लोकलचे माणशी वीस रुपये. डबे घरचे, पाण्याच्या बाटल्या घरच्या, एक जुनी चादर. ज्या मार्गावर 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली, त्याच मार्गावर आपले आजोबा-पणजोबा पोट भरायला मुंबईत आले. आम्ही रेल्वेने चक्क फिरायला चाललो होतो.

स्टेशनवरून कोर्टनाक्याला बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केले आणि चालत मासुंदा तलावावर गेलो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. एका बाजूला कोपिनेश्वराचे मंदिर, जवळच पोर्तुगीज काळातले चर्च, काठावर 1978 साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन. बोटीला पैसे पडतात, म्हणून बोटीत बसलो नाही. कट्ट्यावर बसायला काही पडत नाही. सकाळचे म्हातारे फेऱ्या मारत होते, कॉलेजची पोरे गप्पा मारत होती, एक बाई नातवाला मासे दाखवत होती. मावशी म्हणाल्या, "तीस वर्षं ठाण्यात धुणीभांडी केली, पण या कट्ट्यावर आज पहिल्यांदा बसले. बाजूनं रोज जायचे. बसायला येळ कुणाला होता?"

हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले. फुकट म्हणतो त्या गोष्टीलाही किंमत असते. ती वेळेची असते, आणि गरिबाकडे पैशाइतकीच वेळेचीही टंचाई असते. आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुट्टी हे म्हणूनच हक्क आहेत. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून त्यांनी काम केले, ते उगाच नाही. ज्याला सुट्टीच नाही, त्याच्यासाठी तलाव असून नसल्यासारखा.

तिथून पाचपाखाडीत महापालिका मुख्यालयाजवळच्या कचराळी तलावाला एक फेरी मारली. मग पुढे निघालो आणि वाटेत एका तलावाच्या बागेत डबे उघडले. बागेचे नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका बागेचा नाही. दोन घास खाल्ले असतील तोच सुरक्षारक्षक आला. "इथं डबा खायचा नाही. खायचं असेल तर तिकडं स्टॉलवर बसा." आम्ही विचारले, "काका, तसा बोर्ड कुठं आहे?" बोर्ड नव्हता. ते म्हणाले, "मला वरून सांगितलंय. तुम्ही असं करा, त्या टोकाला बसा, तिकडं कुणी बघत नाही."

त्या टोकाला बसा! आमच्यात तिथेच वाद झाला. दोघे म्हणाले, हा कंत्राटी कामगार आहे, याची नोकरी जाईल, याच्याशी भांडून काय मिळणार? बाकीचे म्हणाले, आज टोकाला बसलो तर उद्या गेटबाहेर बसू. मावशी काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त डब्याला झाकण लावले. शेवटी आम्ही काकांना भाकरी दिली, त्यांनी ती घेतली. आम्ही जागा सोडली नाही आणि त्यांनीही पुन्हा उठवले नाही. पण जेवणाची चव गेली ती गेलीच.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीत महाड कशाला आणता? आणतो, कारण दुवा सरळ आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशा जागा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा तो ठराव. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. पण तो हक्क तीन वर्षे कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो हक्क कागदावरून खाली उतरला. त्यानंतर सवर्णांनी परिषदेच्या मांडवात जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ला केला, अन्न मातीत मिसळले. मग तळे 'शुद्ध' केले. तळे आमच्या खाजगी वहिवाटीचे आहे असा दावा लावला. तो खटला दहा वर्षे चालला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला. आम्ही केवळ पाण्यासाठी आलो नाही, माणूस म्हणून समान आहोत हे दाखवायला आलो आहोत, हा बाबासाहेबांचा तिथला मुद्दा होता.

त्या लढ्याचा ठसा संविधानाच्या कलम 15(2) मध्ये आहे. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला मनाई करता येत नाही. 'तलाव' हा शब्द तिथे स्वच्छ लिहिलेला आहे.

पण नीट वाचा. त्या यादीत 'पैसा' हा शब्द नाही. आज तलावाच्या गेटवर कुणी जात विचारत नाही. तिकीट लावले, डबा बंद केला, स्टॉल सक्तीचा केला की जात न विचारताच माणसे गाळली जातात. या देशात रिकामा खिसा जास्त करून कुठल्या वस्तीत सापडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. महाडला "आमचे तळे" म्हणणारे होते, इथे "आमचे कस्टमर" म्हणणारे येत आहेत.

"तिकीट लावले की स्वच्छता राहते" हा युक्तिवाद आमच्याच मित्रांनी केला. स्वच्छता तिकिटाने येत नाही, झाडूने येते. विसर्जनानंतर निर्माल्य कोण उचलते? पहाटे काठ कोण झाडते? त्या सफाई कामगाराला कायम नोकरी, हातमोजे आणि वेळेवर पगार द्या, तलाव चकचकीत राहील. आणि आपण तरी काय करतो? जयंतीला डीजेवर हजारो उधळणारी, रिसॉर्टच्या सेल्फीसाठी कर्ज काढणारी आणि काठावर वेफर्सची पाकिटे टाकणारी पोरे आपल्यातही आहेत. ती पाकिटे शेवटी आपलीच मावशी उचलते.

संध्याकाळी बसने उपवनला पोचलो. मागे येऊरचे डोंगर, पाण्यात उतरते ऊन, वारा. लोणावळ्याच्या फोटोत काय वेगळे होते? पण तिथेही आमच्या मुलींचा अर्धा तास स्वच्छ स्वच्छतागृह शोधण्यात गेला. बाईला लघवीची सोय नसेल तर तिच्यासाठी तलाव दोन तासांचाच असतो. आणि त्याच डोंगरात आदिवासी पाडे आहेत हेही विसरू नका. आपल्या जिल्ह्यात शहापूरला तानसा, भातसा, मोडकसागर आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट बघतात. तलावाचे सौंदर्य बघणाऱ्याने त्याचे पाणी कुणाकडे जाते हेही बघावे.

सोमवारी आम्ही माहितीचा अधिकार कायदा, 2005 खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज टाकला. त्या बागेत डबा खाण्यास मनाई करणारा ठराव किंवा नियम आहे का? असल्यास प्रत द्या. स्टॉल कुणाला, कोणत्या अटींवर दिला? कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ते आले की इथे मांडूच.

दरम्यान एक विनंती. पुढच्या रविवारी कुटुंबाला घेऊन जवळच्या सार्वजनिक तलावावर जा. कल्याणकरांना काळा तलाव आहे, ठाण्यात तर तीसहून अधिक आहेत. डबा न्या, चादर न्या, कचरा पिशवीत भरून परत आणा. काठावर अर्धा तास बसून मुलांना महाडची गोष्ट सांगा. कुणी उठवले तर शिवी देऊ नका, लेखी नियम मागा. वापरात नसलेला हक्क पहिल्यांदा विसरला जातो आणि मग विकला जातो.

आमचा तो कार्यकर्ता ग्रुपमध्ये परत आला आहे. पुढची सहल कुठे न्यायची हे तोच ठरवणार आहे.

जय भीम! जय संविधान!