आबांची पेटी : किती दुरुस्त करावी?

आपल्या वस्त्यांतून गायन पार्टी ही काही नवलाची गोष्ट नाही. ढोलकी, टाळ, दिमडी आणि एक पेटी एवढ्यावर चौदा एप्रिलची रात्र उजाडते. यातली ढोलकी तिच्या जिवंतपणीच अनेकदा नवी होते. पुडी फाटली की दुसरी चढते, कोणी विचारीत नाही. पेटीचे तसे नाही. ती एकदा घरात आली की दोन-तीन पिढ्या राहते, मग कधीतरी भाता फुटतो, उंदीर कातडे खातात आणि ती माळ्यावर जाते. पुढे घर बदलताना कोणीतरी म्हणते, भंगारवाला काय देईल? नाहीतर ती एखाद्या दुकानात जाते आणि सूर नवे, पट्ट्या नव्या, वर चकचकीत रंग अशी परत येते. जुनी म्हणावी असे तिच्यात मग आकाराखेरीज काही उरत नाही.

आमच्याकडील पेटी आजोबांची. त्यांना सारे आबा म्हणत. गिरणीतली पाळी सांभाळून ते जलशात पेटी धरीत. ती आम्ही तिघा भावांनी मिळून दुरुस्त करून घेतली, त्याला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत जे पाहिले आणि ज्यावरून घरात वाद झाले, ते येथे सांगत आहोत. अनेक घरांच्या माळ्यावर अशी पेटी असेल.

पेटीचा जन्म आपल्याकडचा नाही. पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची, टेबलाएवढी. खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य ते, आपण मांडी घालून बसणारे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिचा भाता मागे नेला, एका हाताने मारता येईल असा केला आणि पेटी जमिनीवर आली. डोक्यावर घेऊन गावोगाव जाता येईल असे ते वाद्य झाले. काही मोठ्या गवयांना ती फारशी मानवली नाही. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली तिच्यावर बंदीच घातली, ती १९७१ पासून सैल झाली. त्याच काळात आमचे लोक हिच्याच सुरावर बाबासाहेबांचा विचार खेड्याखेड्यांत नेत होते. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांपर्यंत ज्यांनी गाऊन समाज जागा केला, त्यांना रेडिओच्या परवान्याची गरज पडली नाही. असो.

आमची पेटी सदतीस पट्ट्यांची, म्हणजे तीन सप्तकांची, डबल सुराची. प्रत्येक पट्टीखाली दोन सूर : एक खर्ज, एक नर. म्हणजे एकूण चौऱ्याहत्तर सूर. सूर म्हणजे पितळेची एक पट्टी. तिच्यात फट, फटीवर एका टोकाला रिव्हेट मारून बसविलेली पातळ पितळी जीभ. भात्याची हवा फटीतून जाताना जीभ थरथरते आणि आवाज निघतो. आबांच्या काळी वस्तीत ध्वनिक्षेपक क्वचित असे, म्हणून डबल सुराची दणदणीत पेटी लागे. आतल्या कागदी चिठ्ठीवर कारखान्याचे नाव होते, पण वाळवीने ते खाल्ले. ‘मुंबई’ एवढे वाचता येते.

शोधत शोधत आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेटीला लगेच हात लावला नाही. चहा झाला. मग झाकण काढून एक एक पट्टी उलटी करून ते बघत बसले. आम्हांस वाटले, काय बिघडले ते शोधत असतील. ते म्हणाले, “काय बिघडलंय ते दिसतंच आहे, भाऊ. ज्यानं केली तो कसा माणूस होता, ते बघतोय.”

मग त्यांनी आम्हांस दाखविले. प्रत्येक पट्टीच्या पोटावर पेन्सिलीने देवनागरी आकडा घातला होता, एक ते सदतीस. आकडा जिथे नजरेस पडणार नाही तिथेही वळण एकसारखे. पट्ट्यांखाली लाल बनातीचे तुकडे, सगळे एका मापाचे. स्क्रू पितळेचे, आणि घट्ट बसल्यावर प्रत्येकाची खाच लाकडाच्या रेषेला समांतर. बाहेरून या गोष्टी कोणाला दिसणार? करणाऱ्याला ठाऊक असणार एवढेच. आणि सारे सांधे सरसाने जोडलेले. सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात. ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. म्हणजे त्या कारागिराने पेटी करतानाच, पुढे कोणीतरी ती उघडणार हे गृहीत धरले होते. मधल्या काळात कोणा दुरुस्तीवाल्याने दोन सांधे आधुनिक पांढऱ्या गोंदाने चिकटविले होते. ते उघडताना लाकडाचे कूस निघाले. बाकीचे गरम पाण्याच्या फडक्याने अलगद सुटले.

मिस्त्रीकाकांनी एक नियम सांगितला : मूळ कारागिराने जे वापरले तेच वापरायचे, आणि जे टिकले आहे ते काढायचे नाही. भात्याला आणि झडपांना मऊ मेंढीचे कातडे, जोडायला सरस, लाकडावर स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख, तीही कापडाच्या बोंडीने हाताने चढवायची. फवाऱ्याने नाही. कातड्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पेटीची पूजा करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतलेच काहीजण कातड्याला हात लागला तर धुवायला जातात. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली कातडे आहे. ते नसेल तर हवा गळते आणि सूर निघत नाही. ही गंमत मिस्त्रीकाका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात म्हणे.

खरे काम सुरांचे. चौऱ्याहत्तरांपैकी पाच जिभा मुळाशी तडकून तुटल्या होत्या. पितळ वर्षानुवर्षे थरथरून थकते. नवे सूर मिळतात, गुजरातेत पालिताण्याला ते होतात आणि देशभर जातात. पण नव्या सुराचा आवाज शेजारच्या जुन्यांत मिसळला नाही तर गाण्याच्या ओळीत एकच अक्षर कोणी दुसऱ्याने म्हटल्यासारखे होते. मिस्त्रीकाकांकडे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात कायमच्या मोडलेल्या जुन्या पेट्यांचे सूर. त्यातून रुंदी, जाडी, रिव्हेट पाहून त्यांनी चार जुळविले. पाचवा कुठेच मिळेना, तेव्हा नवा घातला आणि त्या पट्टीच्या पोटावर, जुन्या आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीने बारीक फुली केली. पुढच्या माणसाला कळावे म्हणून.

सूर जुळविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. जिभेच्या टोकाकडचे पितळ किंचित खरवडले की टोक हलके होते, सूर चढतो. मुळाकडे खरवडले की जीभ लवचिक होते, सूर उतरतो. खरवडताना जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, नाहीतर ती वाकते. खाली-वर झाल्याचे कान सांगतो. एका पट्टीचे खर्ज आणि नर एकदम वाजवायचे. ते नीट जुळले नसतील तर आवाजात लाटा येतात, वँव-वँव अशा. जसजसे जुळत जाईल तसतशा लाटा लांबतात आणि शेवटी आवाज सपाट उभा राहतो. भिंगातून पाहिल्यावर मूळ कारागिराच्या कानशीच्या खुणाही दिसतात : आडव्या, बारीक, मोजक्या. त्यांच्यावर नंतरच्या कोणाचे तरी जाडेभरडे ओरखडे. एकाच्या दोन घासांत जे झाले ते दुसऱ्याला वीस घासांत साधले नव्हते.

इथेच घरात वाद पेटला. आमचा पुतण्या हल्लीच्या पार्टीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवितो. पेटी त्याच्याबरोबर वाजायला हवी, असे त्याचे म्हणणे. मोबाईलवर मोजले तर पेटीची पांढरी सहा ४३५ कंपनांच्या आसपास, कीबोर्डची ४४०. हा फरक बिघाडाचा नाही. फ्रान्समध्ये १८५९ साली कायद्याने ४३५ ठरविले होते, जुन्या पॅरिस पद्धतीच्या सुरांत ते माप आढळते. ४४० वर एकमत झाले ते १९३९ साली लंडनच्या परिषदेत. दोघांतले अंतर शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या पाचव्या हिश्शाएवढे. ऐकायला थोडे, पण दोन्ही वाद्ये एकदम वाजली की कान किटतो.

पुतण्या म्हणाला, “सगळे सूर चढवून घ्या ना. वाजली नाही तर दुरुस्त करून काय उपयोग? शोकेसमध्ये ठेवणार का?” बोलणे रास्त होते. आबांनीही ती वाजवायलाच घेतली होती, पाहायला नव्हे. थोरल्या भावाचे मत त्याच्याच बाजूचे. धाकटा म्हणाला, चौऱ्याहत्तर जिभांची टोके खरवडायची, ते पितळ परत कुठून आणणार? आठवडाभर जेवणाच्या वेळी हाच विषय. वहिनीने शेवटी सर्वांना ताटावरून उठविण्याची धमकी दिली.

मिस्त्रीकाकांनी पुतण्याला विचारले, “तुझं मशीन खाली येतं का रे?” त्याने कीबोर्डची बटणे चाळली. आले. मूळ पट्टी वर-खाली करण्याची सोय त्यात असतेच, कोणी वापरीत नाही एवढेच. ४३५ केले, काम दोन मिनिटांचे. पितळ जिथल्या तिथे राहिले. पुतण्या म्हणाला, पण बाहेरच्या कार्यक्रमात दुसऱ्याचा कीबोर्ड असला तर प्रत्येक वेळी सांगावे लागेल. सांगावे लागतेच. बासरीवाला आला तर त्याचे काय, हेही अजून सुटलेले नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड निघाला. पेटीच्या दर्शनी फळीवर निळ्या तेलरंगात ‘जयभीम’ अशी अक्षरे आहेत. ‘भी’ची वेलांटी थोडी वर गेलेली. मूळ कारागिराने ती फळी सागाच्या उभ्या रेषा दिसाव्यात म्हणून निवडली होती. लाखेची झळाळी त्या रेषांवर फार सुंदर उठते. मिस्त्रीकाकांनी आपला नियम सांगितला : नंतरचा रंग निघतो. कारागिराची फळी त्याला परत मिळावी. त्यांचे काही वाईट नव्हते. पांढऱ्या पट्ट्यांपैकी तीन पट्ट्यांवर नंतर कोणी बसविलेले पांढरेफेक प्लास्टिक काढून, त्यांनी दुसऱ्या मोडक्या पेटीचे पिवळसर सेल्युलॉइड लावले, तेव्हा आम्ही सारे खूश झालो होतो. तेही नंतरचेच काढले होते.

मग अक्षरांचे काय? एक गोष्ट कारागिराची, एक वाजविणाऱ्याची. आम्ही आत्याला विचारायला गेलो. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हणाली, “आबांनी घोडपदेवच्या पेंटरकडून डबीभर रंग मागून आणला होता. स्वतः लिहिलं. मी ब्रश धुतला. ज्यांच्या गावात जलसा करायला जायचं, तिथं पेटी आधी गाडीतून उतरायची आणि माणसं मागून. लोकांना कळायचं कोण आलंय ते. काही गावांत त्यावरून दगडही आले.” एवढे सांगून ती पेटीवरून हात फिरवीत बसली. उजव्या कोपऱ्यात एक खोक आहे, ती कशाची ते आम्ही विचारले नाही.

मिस्त्रीकाका दुसऱ्या दिवशी ऐकून घेऊन म्हणाले, “मग ते कारागिरानंतरचं नाही. त्याच्याबरोबरचं आहे.” आणि कामाला लागले. अक्षरांच्या भोवती बोटाच्या टोकाएवढ्या बोंडीने लाख चढवायची, अक्षराला स्पिरिट लागू द्यायचे नाही. बावीस थर दिले. एका फळीला नऊ दिवस गेले. खोक त्यांनी भरली नाही, नुसती साफ करून तिच्यावर लाख फिरविली.

खर्च किती आला, हे अनेकजण विचारतात. साध्या नव्या पेटीच्या किमतीपेक्षा जास्त आला, आणि तो तिघांत वाटला तरी जाणवला. कातडे आणि सुरांना त्यातला थोडा भाग लागला, बाकी सारी हाताची मजुरी. आता ती कोरड्या जागी, भिंतीपासून वीतभर दूर ठेवतो, दर दोन-तीन दिवसांनी वाजवितो. न वाजणाऱ्या पेटीचे कातडे आखडते आणि बनातीला कसर लागते.

पावसाळ्यात लाकूड फुगल्याने काळी दोनची पट्टी थोडी अडकते आणि नव्या सुराची ती एक पट्टी अजून बाकीच्यांपेक्षा उशिरा बोलते. मिस्त्रीकाका म्हणाले, आत्ता हात लावू नका. वर्षावास संपला, हवा कोरडी झाली की घेऊन या.